वर्गातली पाठराखीण

एक शाळा होती, आणि तिला एकदा एक नवे मुख्याध्यापक लाभले. शाळा माध्यमिक, रस्त्याकडेच्या एका मोठ्या गावातली. मुख्याध्यापकांचं नाव भालचंद्र. ते याच शाळेत शिकलेले, त्यामुळे त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी संकल्प केला, की या शाळेतल्या प्रत्येक वर्गात उत्तमच शिकवलं गेलं पाहिजे.

संकल्प चांगलाच होता. पण चांगल्या संकल्पाची माणसं कधीकधी दुष्ट माणसांपेक्षा जास्त जाच करतात. दुष्टाला निदान मनात कुठेतरी टोचत असतं. यांना काहीच टोचत नाही.

भालचंद्र सरांनी रबरी तळाचे बूट घेतले. आवाज न करता व्हरांड्यातून फिरायचं, खिडकीशी थबकायचं, आत काय चाललंय ते ऐकायचं. आठवड्यातून काही पाठ ते वर्गात बसून बघत. शेवटचा बाक, मांडीवर फाइल, हातात लाल पेन. उद्याच्या पाठाची तयारी शिक्षक लिहून ठेवतात, तिला टाचण म्हणतात. ते टाचण पूर्ण आहे का, फळ्यावर तारीख आहे का, मुलांचा पट लिहिलाय का, आवाज मागपर्यंत पोचतो का, हे सगळं पाहून ते शेरा लिहीत आणि त्याखाली शिक्षकाची सही घेत.

शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव पडलं मांजर.

"निघालं का मांजर?" एकाने विचारायचं.

"निघालंय. मिशा पुसत आठवीकडे गेलंय," दुसऱ्याने सांगायचं, आणि आठवीवरचे सर एकदम मोठ्याने शिकवू लागायचे.

वर्ष सरत आलं. व्हरांडे शांत झाले. टाचणं अशी सुबक झाली की फ्रेम करून भिंतीला लावावीत. फक्त मुलांना पूर्वी जे येत नव्हतं, ते अजूनही येत नव्हतं. भालचंद्र सरांना याचं नवल वाटे. आता यात नवल ते काय? त्यांनी जे मागितलं ते त्यांना मिळालं होतं.

त्या शाळेत खरात मॅडम नावाच्या गणिताच्या तरुण शिक्षिका होत्या. नव्या शिक्षकाची नोकरी आधी काही वर्षं कच्ची असते, मग मुख्याध्यापकांचं मत पाहून संस्था ती पक्की करते, नाहीतर घरी पाठवते. खरात मॅडमची मुदत याच महिन्यात संपत होती. त्यांच्या आईने लोकांचे ब्लाउज शिवून शिवून त्यांना बी.एड.पर्यंत नेलं होतं. ती नोकरी गेली असती तर म्हातारपणी आई पुन्हा मशीनवर बसली असती.

आणि भालचंद्र सर वर्गात येऊन बसले, की या मॅडमचं सगळं सांडायचं. खडू मोडायचा. सात आठे चोपन्न असं त्या बेधडक फळ्यावर लिहून मोकळ्या व्हायच्या. वर्गाकडे बघायच्या नाहीत, सगळा तास फळ्याशी बोलायच्या. सरांनी शेरा लिहिला होता, "शिक्षिका वर्गाकडे पाठ करून शिकवतात. आत्मविश्वास नाही. विषयावर पकड नाही." मॅडमनी तो वाचला, खाली सही केली आणि निघून गेल्या.

संस्थेला कळवायचं मत जवळजवळ ठरलंच होतं. पण एके दिवशी नववीतली वेदिका नावाची मुलगी व्हरांड्यात भालचंद्र सरांच्या आडवी आली.

"सर, खरात मॅडम जाणार आहेत का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळे म्हणतात. सर, त्या गेल्या तर गणित परत अवघड होईल ना."

एवढं बोलून ती पळाली. भालचंद्र सर मात्र तिथेच उभे राहिले. विषयावर पकड नसलेल्या बाईकडून गणित सोपं झालं, हे कसं? दोन्हींतलं एक काहीतरी खोटं असणार. मुलीला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते थोरल्या बाईंकडे गेले. थोरल्या बाई म्हणजे या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आणि भालचंद्र सरांच्याही बाई. निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला, तरी गावातले बापये अजून त्यांच्यासमोर सिगारेट लपवत. बाई ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"या, मुख्याध्यापक. चपला बाहेर काढा, डोकं आत आणा."

सरांनी सगळं सांगितलं. बाई सोलता सोलता ऐकत होत्या. शेरा ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"वर्गाकडे पाठ करून शिकवते, असं लिहिलंस?"

"हो, बाई. खरंच आहे ते."

"तू कुठे बसला होतास?"

"मागे. शेवटच्या बाकावर."

"मग तिने पाठ वर्गाकडे केली, की तुझ्याकडे?"

बाईंनी वालाचं टरफल ताटलीत टाकलं.

"उद्या येते शाळेत. मला दोन पाठ दाखव. तुझ्या मते सगळ्यात चांगला एक आणि सगळ्यात वाईट एक. आणि ते बूट घालू नकोस रे. माणसासारखा वाजत चल."

दुसऱ्या दिवशी थोरल्या बाई आल्या. सर्वांत चांगला म्हणून सरांनी भूगोलाच्या दातार सरांचा पाठ दाखवला. दातार सरांच्या प्रत्येक शेऱ्यात "उत्कृष्ट" लिहिलेलं होतं. वर्ग उभा राहिला, नमस्ते झालं. आणि मग बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी खुर्ची उचलून फळ्याजवळ नेली, दातार सरांकडे चक्क पाठ केली आणि मुलांकडे तोंड करून बसल्या.

"बाई, सर इकडे आहेत," भालचंद्र सर दबक्या आवाजात म्हणाले.

"दिसलं मला. माझे कान शाबूत आहेत. तू बस तुझ्या जागेवर."

दातार सरांनी खणखणीत आवाजात पाठ घेतला. नकाशा होता, प्रश्न होते, उत्तरं होती, काही म्हणता काही कमी नव्हतं. बाईंनी एकदाही मान वळवली नाही. तास संपल्यावर उठल्या आणि चालू लागल्या.

पुढचा तास खरात मॅडमचा. दाराशी बाई भालचंद्र सरांना म्हणाल्या, "ती फाइल बाहेर ठेव. पेनही. आणि तुझी खुर्ची माझ्या शेजारी आण."

दोघं शेजारी शेजारी बसले. मॅडमकडे दोघांचीही पाठ. मुलांना काही कळेना, त्यांनी एकमेकांना कोपरं मारली. मागून मॅडमचा आवाज आला तो आधी कापरा होता. खडू मोडल्याचा आवाजही आला. पण आज त्यांच्यावर दोघांपैकी कोणाचेच डोळे नव्हते. हळूहळू तो आवाज सरळ झाला.

तेवढ्यात वेदिका उठली. "मॅडम, उणे गुणिले उणे अधिक का होतं? दोन्ही उणे आहेत तर जास्त उणे व्हायला पाहिजे ना?"

भालचंद्र सरांनी स्वतः शाळेत असताना हे नुसतं घोकलं होतं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "आपल्या गावच्या टाकीतलं पाणी रोज एक फूट उतरतंय असं समजा. म्हणजे उणे एक. आजपासून तीन दिवसांनी किती?"

"उणे तीन!" वर्ग ओरडला.

"बरोबर. आता पुढे नको जायला, मागे जाऊ. तीन दिवसांपूर्वी. म्हणजे दिवस उणे तीन. पाणी रोज उतरतच होतं. मग तेव्हा टाकीत पाणी आजच्यापेक्षा कमी होतं की जास्त?"

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा इतका वेळ बाकावर नाव कोरत होता, त्याचा हात थांबला. वेदिकाचे ओठ हलत होते. तिने एकदम शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं, जास्त! तीन फूट जास्त!"

"म्हणजे उणे एक गुणिले उणे तीन?"

"अधिक तीन!"

वर्गात जो गलका उठला, तो एरवी भालचंद्र सरांनी खिडकीतून ऐकला असता तर "वर्गनियंत्रण नाही" असा शेरा मारला असता. आज ते समोर बसून तो गलका बघत होते. त्यांनी मागे वळून मॅडमकडे पाहायची गरजच उरली नव्हती. मॅडमनी जे केलं, ते समोरच्या तोंडांवर लिहिलेलं होतं.

कार्यालयात आल्यावर सरांनी विचारलं, "बाई, तुम्ही दोन्ही वेळा शिक्षकांकडे पाठ करून का बसलात?"

"तू काय बघायला जातोस वर्गात?"

"पाठ."

"तो पाठ की ती पाठ?" बाई म्हणाल्या. "तू बघतोस ती नुसती पाठ. हात कसा हलतो, आवाज कसा लागतो, पदर कसा खोचलाय. अरे, पाठ शिक्षकाच्या अंगावर नसतो. तो मुलांच्या तोंडावर असतो. दातारांची मुलं, मी बघत होते ना, प्रश्न निघायच्या आधीच उत्तराला तोंड उघडत होती. तो पाठ आधी झालेला होता. तू आलास की तोच दाखवतात. नाटक बसवलंय, आणि तू दर खेपेला टाळ्या वाजवून येतोस."

भालचंद्र सरांनी मान खाली घातली.

"आणि ही पोर. नवरी सासरी जाते, तेव्हा तिच्याबरोबर कोण जातं?"

"पाठराखीण."

"ती काय करते तिथे? नवरीने भाजीत मीठ जास्त टाकलं, तर चौकात जाऊन ओरडते का? सासूला चुगली करते का? कानात सांगते, बाई गं, मीठ जास्त झालंय, दोन बटाटे टाक. नवरीला रडू आलं तर आडोसा करते. घर ओळखीचं झालं, की आपली पिशवी उचलून परत येते. नवा शिक्षक वर्गात उभा राहतो, तेव्हा तो नवरीच असतो रे. त्याला पाठराखीण पाहिजे. आणि तू, भाल्या, तू झालास सासू. तीसुद्धा लाल पेनवाली."

सर हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. मग ते म्हणाले, "मग कोणाला काही बोलायचंच नाही का, बाई? दातार सरांनाही पाठीशी घालायचं?"

"असं मी म्हटलं का?" बाई कडाडल्या. "पाठीशी घालणं वेगळं आणि पाठीशी उभं राहणं वेगळं. दातारांना दार लावून बसव आणि स्पष्ट सांग, की सर, नाटक बंद, उद्या मला न शिकवलेला पाठ दाखवा. झोंबू दे. झोंबायलाच पाहिजे. लाड करायला नाही सांगितलं मी तुला. पण कोणाला कानात सांगायचं आणि कोणाला खडसावायचं, हे कळायला आधी मुलांची तोंडं बघावी लागतात. फळ्यावरची तारीख बघून ते कळत नाही."

बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "टाकीचं मला पण माहीत नव्हतं हं. जन्मभर नुसतं पाठ केलं होतं."

दुसऱ्या दिवशी भालचंद्र सर स्वतः संस्थेच्या सचिवांकडे गेले आणि म्हणाले, की खरात मॅडमना पक्कं करावं. सचिवांनी जुने शेरे पुढे सरकवले.

"मास्तर, हे तुमचंच अक्षर ना? पकड नाही, आत्मविश्वास नाही. आणि आता पक्कं करा?"

"अक्षर माझंच," सर म्हणाले. "शेराही माझ्यावरच होता. चुकून त्यांच्या नावाखाली लिहिला गेला. मी मागे बसलो म्हणून त्या घाबरल्या, ते मी त्यांच्यात मोजलं."

"आणि उद्या दहावीचा निकाल घसरला तर?"

"तर मला विचारा. त्यांच्या वर्गात मी बसणार आहे."

मुख्याध्यापकाने स्वतःचा शेरा खोडलेला सचिवांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

दातार सरांशीही दार लावून बोलणं झालं. ते आठवडाभर घुम्यासारखे वागले, शिक्षकांच्या खोलीत मांजराला नवी नावं ठेवून झाली. मग एके दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "उद्या या नववीवर. नवीन धडा आहे. फसलो तर हसू नका." त्यांचा पाठ थोडा फसलाही. पण त्या दिवशी मुलांनी प्रश्न ऐकून मग तोंड उघडलं.

आणि खरात मॅडमच्या वर्गात भालचंद्र सर पुन्हा गेले, तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. वर्ग उभा राहिला. मॅडमचा खडू हवेतच थांबला, त्यांची मान फळ्याकडे वळू लागली. इतक्या दिवसांची भीती एका सहीने थोडीच जाते? सर शेवटच्या बाकाकडे गेलेच नाहीत. ते वेदिकाच्या बाकाशी थांबले. "सरक गं जरा," म्हणाले, आणि गुडघे आखडून तिच्या शेजारी बसले.

"मॅडम," सर म्हणाले, "मागच्या वेळी टाकीपर्यंत कळलं होतं. पुढचं नाही कळलं. पुन्हा सांगता का?"

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. आणि हसता हसता त्यांनी फळ्याकडे पाठ केली, तोंड मुलांकडे केलं आणि शिकवायला सुरुवात केली.

कोणाचंही काम बघायला निघालात, तर उंबऱ्यातच स्वतःला एवढं विचारा, की मी याची पाठ बघायला चाललो आहे, की राखायला?