गारव्याचा सत्कार

जैसलमेरच्या वाळवंटात एका कंपनीची वसाहत होती. तिथले एसी पार म्हातारे झाले होते. जाळ्या कितीही धुवा, नुसती घरघर. गार वारा नाहीच. वैजयंतीच्या सासूबाई तर उकाड्याने चक्कर येऊन पडल्या. पण वसाहतीचे प्रमुख धारणकरसाहेब प्रत्येक तक्रारीवर एकच ऐकवत, "एसी उत्तम आहेत. उकडणं-बिकडणं सगळं मनावर असतं!"

मग वैजयंतीने साहेबांनाच घरी सत्काराला बोलावलं. सत्कार म्हटल्यावर साहेब भर दुपारी कोट चढवून हजर! तिने एसी लावला, जाडजूड लोकरी शाल त्यांच्या खांद्यांवर पांघरली, हातात नारळ दिला आणि त्यांच्या कौतुकाचं भाषण सुरू केलं. ते काही संपेना. साहेब घामाने निथळले. शेवटी ओरडले, "अहो, ही शाल काढू द्या, जीव चाललाय माझा!"

वैजयंतीने नम्रपणे विचारलं, "साहेब, उकडणं-बिकडणं सगळं मनावर असतं ना? मग शाल कशाला काढायची?"

साहेब शाल तिथेच टाकून निघाले. आठवड्याभरात घरोघरी नवे एसी लागले. पहिल्याच दुपारी आतून सासूबाईंची हाक आली, "वैजू, साहेबांची ती शाल आण गं, हुडहुडी भरली!"