डोहाचा राखणदार

बाळांनो, साग-बांबूंच्या एका दाट जंगलात एक धिप्पाड गवा राहत असे. उन्हाळ्यात तिथले सगळे ओढे आटत आणि एकच डोह उरे. त्यावर रानकुत्र्यांच्या टोळीचा डोळा! म्हणून सगळे प्राणी गव्याकडे गेले. "गवादादा, आजपासून तुम्ही आमचे नायक. लहानथोरांना निर्धास्त पाणी पिता यावं, एवढं बघा. तुमच्या एका हाकेला आम्ही धावून येऊ." आणि खरोखरच येत! वानरी झाडाच्या शेंड्यावरून आरोळी ठोकी, सांबरे खूर आपटत, रानडुकरे सुळे परजत पुढे घुसत. टोळी शेपूट घालून पळाली, की जंगलात नुसता जल्लोष!

त्या जल्लोषात गव्याला वाटू लागले, टोळी पळते ती माझ्याच शिंगांना भिऊन. मग काय! तो डोहातच ठाण मांडून बसू लागला. "आधी मी डुंबणार, उरलं तर तुम्ही प्या!" एक दिवस तहानेने कासावीस झालेले पाडस पाण्याकडे धावले, तर गव्याने त्याच्यावर शिंगे रोखली. वानरी सरसर खाली उतरली. "दादा, पाणी राखायला आम्ही तुम्हाला नायक केलं, अडवायला नाही."

"तुम्ही केलं? मी माझ्या ताकदीवर नायक आहे!" गवा गरजला.

वानरी वळली आणि पलीकडच्या टेकडीवर, आटलेल्या झऱ्याच्या ओल्या वाळूत पाणी शोधायला निघाली. तिच्यामागे सांबरे, मग रानडुकरे, मग सगळेच. गव्याला आनंदच झाला. अख्खा डोह आपला!

दुसऱ्याच सकाळी झुडपांतून टोळीची शीळ घुमली. पुढून, मागून, चहूबाजूंनी रानकुत्री! "वानरी, आरोळी दे! डुकरांनो, धावा रे!" गव्याने हाका मारल्या. शेंडा रिकामा, काठ रिकामा. त्याने एकाला शिंगांवर उडवले, तोच दुसऱ्याने मागचा पाय पकडला. तो वळला, तर तिसऱ्याची पाठीवर झेप! खूर चिखलात रुतू लागले. एवढी थोरली शिंगे, पण पाठीमागे ती काय कामाची? गव्याला आता उमगले. आजवर ज्याला तो आपले बळ समजत होता, ते सगळे टेकडीवर निघून गेले होते!

"चुकलो!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "डोह तुम्हा सगळ्यांचा आहे! माझ्यासाठी नको, पाण्यासाठी तरी या!"

आणि टेकडीवरून खणखणीत आरोळी आली! माती उधळत रानडुकरे उतरली, सांबरांचे खूर दणाणले, आणि बघता बघता टोळीची दाणादाण उडाली.

गवा लंगडत पाण्याबाहेर आला. "मला नायक ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आधी पाणी प्या."

"राहा, दादा," वानरी म्हणाली. "पण पुन्हा पाणी अडवलंत, तर आम्ही दुसरा नायक निवडू."

"कबूल!" गवा म्हणाला, आणि पाडसांनी डोहात धडाधड उड्या घेतल्या!

तात्पर्य : राज्यकर्त्याला सत्ता प्रजाच देते, आणि ती सर्वांच्या रक्षणासाठी व सुखासाठी असते; हे जो विसरतो, त्याची सत्ता टिकत नाही.