सरकारांच्या मोटारीच्या अकरा तारा

निंबळगड संस्थानात मोटार एकच आणि रस्ताही एकच, तोही सात मैलांचा. पुढे नदी, मागे डोंगर. तरीही दसऱ्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी, कुणीतरी ती मोटार चोरायचा प्रयत्न केला म्हणे! चोर ती घेऊन जाणार कुठे होता, हा प्रश्न दरबारात कुणाला सुचला नाही. दरबाऱ्यांना पगार काही प्रश्न सुचण्यासाठी मिळत नव्हता.

किल्लीशिवाय मोटार सुरू करायच्या नादात चोराने किल्लीच्या भोकामागच्या अकराच्या अकरा तारा कापून ठेवल्या होत्या. श्रीमंत भुजंगराव सरकार संतापले. शिलंगणाला मोटारीतून जायचं आणि शेजारच्या संस्थानिकाला जळवायचं, असा बेत महिनाभर शिजत होता. त्यांनी लगेच ड्रायव्हर शिदूला धरलं. मोटारीजवळ तोच असतो, मग चोर दुसरा कोण? आमच्या निंबळगडात न्याय असा झटपट व्हायचा.

मोटारीची किल्ली शिदूच्या गळ्यातच होती. राणीसाहेबांनी ती स्वतः त्याला दिली होती आणि सरकारांच्या हाती ती पडता कामा नये, असं बजावलं होतं. कारण पाडव्याला सरकारांनी हौसेने मोटार चालवली आणि थेट देवळाच्या दीपमाळेवर नेऊन घातली. दीपमाळ अजून वाकडीच आहे.

मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने वाकून पाहिलं. बावीस टोकं, सगळी तेलाने काळी, सगळी सारखी. कुठल्या टोकाची जोडी कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एक जरी चुकलं तरी गाडी पेटेल. नव्या तारा विलायतेहून मागवा, दोन महिने लागतील. एवढं ज्ञान देऊन तो जेवला आणि गेला. श्रीखंड मात्र त्याने दोनदा मागून घेतलं.

शिदूची थोरली बहीण ठकू कोष्टीण. बारा वर्षं मागावर लुगडी विणणारी. आई गेल्यावर शिदूला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. त्याला तुरुंगात घालणार हे ऐकून ती तडक निघाली आणि दरबारात रडायचं नाही हे तिने वाटेतच ठरवलं. तिने सरळ विचारलं, की मोटार मी चालू करून दिली तर भावाला सोडाल का?

सरकार म्हणाले, "नुसती मोटार नाही. चोरही दाखवायचा. दोन दिवस दिले. दोन्हीतलं एक जरी राहिलं, तरी तुझा भाऊ शिलंगण तुरुंगाच्या खिडकीतून बघेल."

दरबारी गालात हसले. कोष्टीण म्हणे मोटार दुरुस्त करणार! सरकारही निर्धास्त होते. चोर सापडणार नाही याची त्यांना फारच खात्री होती.

ठकूने मोटार कधी जवळून पाहिलेली नव्हती. पण ती खाली बसली, एक तार हातात घेतली आणि चमकली. तारेवर सुताचं वेष्टण होतं, चांगलं विणलेलं. तेलाने सुताचा रंग मरत नाही, नुसता लपतो, हे तिला इंजिनियरपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने टोकांवरचं सूत आधी सोलून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. मग रॉकेलच्या बोळ्याने एकेक तार पुसली. काळ्याखालून पिवळ्यावर तांबडा धागा निघाला, पांढऱ्यावर हिरवा निघाला, एकीला दोन निळे निघाले. प्रत्येक तारेला आपापला काठ होता. मागावर नवा ताणा लावताना ठकू दोन-दोन हजार धागे एकेक करून सांधायची. तिथे अकरांची काय कथा! तिने जोडीला जोडी लावून पीळ दिला, वर मेणवलेलं सूत गुंडाळलं आणि दुपारच्या भाकरीला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मोटारीसमोरच दरबार भरला आणि शिदूला कोठडीतून आणलं. त्याने किल्ली फिरवली आणि मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवे दिव्यांच्या जागी लागले, भोंगा भोंग्याच्या जागी वाजला. सरकार खूश झाले. मग त्यांना आठवलं.

"आणि चोर?"

ठकूने आधी विचारलं, की ज्याच्या गळ्यात किल्ली आहे तो तारा कशाला कापेल? दरबारी एकमेकांकडे बघू लागले. तीन दिवसांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग तिने पदराची गाठ सोडली.

"सुपारी कातरत्यात तशी टोकं कातरल्यात, सरकार. सुतावर डाग हाय तो काताचा. आम्ही कातात सूत रंगवतो, मला वळखू येतो. आणि ह्या काताला केवड्याचा वास हाय."

केवड्याचा कात अख्ख्या संस्थानात एकाच पानदानात असायचा. सगळा दरबार एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागला. सरकारांनी हातातला अडकित्ता हळूच मांडीखाली सरकवला. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब खाकरल्या.

"मग... चोर कोण म्हणतेस तू?" सरकारांचा आवाज बराच खाली आला होता.

नाव घेतलं तर दोन्ही भावंडं आत जाणार, नाही घेतलं तर शिदू जाणार. ठकूने हात जोडले.

"सरकार, माझ्या मागावरचं माझंच सूत मी कापलं, तर मी चोर का?"

"स्वतःचं सूत? त्यात कसली आली चोरी!" सरकार घाईघाईने म्हणाले.

"मग हितं चोरी झालीच न्हाई. चोरच न्हाई, तर दाखवू कुठनं? आणि शिदू आत कशापायी?"

पडद्याआड राणीसाहेबांना हसू आवरेना. सरकार कानापर्यंत लाल झाले आणि मग त्यांनाही हसू फुटलं. सरकार खरंच हसताहेत याची खात्री करून घेऊन दरबारही हसला. शिदूला तिथल्या तिथे मोकळं केलं. राणीसाहेबांनी आतून भरजरी लुगडं पाठवलं. ठकूने सवयीने त्याचा काठ उलटून पाहिला आणि सांगितलं, की हे तर गेल्या वर्षी मीच विणलं होतं.

"बरं, मग तू न विणलेलं काहीतरी माग," सरकार म्हणाले. "मागशील ते देऊ."

"तर मग मांडीखालचा तो अडकित्ता द्या, सरकार. दिवाळीची लुगडी मागावर हायेत. सारखं मोटार सांधायला यायची मला सवड न्हाई."

सरकारांना हसता हसता पानाचा ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी मांडीखालून अडकित्ता काढला आणि आपल्या हाताने ठकूच्या पदरात टाकला.