नळाचा बर्फ

अलिबागच्या बंगल्यावर मोकाशी साहेबांनी पाहुण्यांदेखत व्हिस्कीचा ग्लास उंचावला. "बर्फ आहे की चुना? नळाचं घाण पाणी भरते ही. कोळणीला कुठली आलीय स्वच्छता!"

स्वयंपाकीण चांगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसांत तिची जात काढली होती! ती म्हणाली, "उद्या दोन बर्फ करते. एक नळाचा, एक तुमच्या परदेशी बाटलीतल्या पाण्याचा. तुमचा ओळखलात, तर मी काम सोडते. चुकलात, तर ह्यांच्यासमोरच माफी मागायची."

दुसऱ्या संध्याकाळी एका ग्लासात काचेसारखा आरपार बर्फ होता, दुसऱ्यात पांढुरका. साहेबांनी आरपार बर्फावर बोट ठेवलं. "हा माझा! आंधळाही सांगेल."

"आंधळाच सांगेल. तो नळाचा आहे. मासळीची कोरी थर्माकोलची पेटी घेतली, पाणी भरून झाकणाशिवाय फ्रीजरमध्ये ठेवली. थंडी फक्त वरून लागली, पाण्यात विरघळलेली हवा तळाशी ढकलली गेली. पांढरा तळ मी तोडून टाकला. तुमचं पाणी ट्रेमध्ये चहूबाजूंनी गोठलं, हवा आतच अडकली, म्हणून पांढुरकं झालं."

पाहुणे साहेबांकडे बघत राहिले.

"कालची घाण पाण्यात नव्हती, साहेब, तुमच्या तोंडात होती. मागा माफी, बर्फ वितळायच्या आत."