शर्यतीचा यजमान

नदीच्या अलीकडे एक लांबरुंद माळ होता आणि त्या माळावर एक काळवीट राहत असे. माळावर राहणारे तसे पुष्कळ होते. ससे होते, कोल्हा होता, एक लांडगा होता, आणि टिटव्या तर गरजेपेक्षा जास्तच होत्या. पण पळण्यात काळविटाचा हात धरणारे कुणी नव्हते. तो पळू लागला की बघणाऱ्याला वाकलेले गवत तेवढे दिसे, काळवीट केव्हाच पुढच्या टेकाडावर पोचलेला असे. मुलांनो, इतके पळता येत असले म्हणजे आपण पळताना चारचौघांनी बघावे असे कुणालाही वाटेल. काळविटाला ते जरा जास्तच वाटे.

पुष्कळ पावसाळ्यांनी एकदा सगळ्या रानांची मिळून एक महाशर्यत होत असे. ती कोणत्या रानात भरवायची हे करकोचे ठरवत. करकोचे दूरदेशाहून उडत येतात, सगळी राने वरून पाहतात, तेव्हा निवाडा त्यांनीच करावा असे पूर्वी कुणीतरी ठरवले होते. बहुधा करकोच्यांनीच ठरवले असावे. मागची शर्यत लांबच्या डोंगरात झाली, तेव्हा काळवीट कोवळा होता. तिथल्या दगडगोट्यांत त्याचे खूर सरकले आणि तो मधल्यामध्ये कुठेतरी आला. परक्या रानात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती.

आता तो ऐन भरात होता. शिंगांना चांगला पीळ चढला होता, पाठ काळीभोर झाली होती. पण पुढची महाशर्यत येईपर्यंत आपले पाय असे राहणार नाहीत, हेही तो ओळखून होता. जिंकायचे तर याच खेपेला. आणि जिंकायचे ते आपल्याच माळावर, आपल्याच मंडळींच्या डोळ्यांसमोर, असे त्याने मनाशी ठरवले.

एके सकाळी कोल्हा धापा टाकत बातमी घेऊन आला. या खेपेची महाशर्यत एकतर या माळावर होणार होती, नाहीतर नदीपलीकडच्या रानात. ज्यांची तयारी करकोच्यांना पसंत पडेल त्यांना मान मिळणार होता.

माळाचा पाटील होता माळढोक. मान उंच, छाती पुढे, चाल सावकाश. काही काम नसले तरी तो कामात असल्यासारखा दिसे. त्याने लगेच सगळ्यांना जमवले.

"मंडळी," पाटील म्हणाला, "शर्यत आपल्याकडंच व्हायला पाहिजे. पलीकडच्या गव्याला हा मान मिळाला तर मी नदीवर पाणी प्यायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात डोलावली ती काळविटाने. त्याची हरिणी मात्र शेजारी उभी राहून पायाने माती उकरत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "नदीपलीकडं झाली तर काय बिघडलं? एवढीशी तर नदी. तुम्हाला पळायचंच आहे ना? तिथंही पळता येईल."

"तुला नाही कळायचं," काळवीट म्हणाला. "जिंकलो तर बघायला आपली मंडळी नकोत?"

"मंडळी चालत येतील की तिथवर."

काळविटाने शिंगे हलवली आणि दुसरीकडे बघितले. बोलणे संपवायचे असले की तो असेच करी.

ठरलेल्या दिवशी करकोचे आले आणि नदीच्या वाळूवर एका पायावर उभे राहिले. अलीकडून माळढोक पाटील आपली मंडळी घेऊन आला. पलीकडून गवा आला. त्याच्यासोबत एक नीलगाय होती, तीही शर्यतीत पळणार होती. काळविटाने तिच्या जाडजूड पायांकडे बघितले आणि त्याला हसू आले.

"पळायचं काय, कुठंही पळता येतं," करकोच्यांतला थोरला म्हणाला. "आम्हाला एवढंच सांगा, पाहुण्यांची बडदास्त कशी ठेवणार?"

गवा जरा विचार करून बोलला. "आमच्याकडं गवत आहे, पाणी आहे, सावली आहे. ज्याला जे लागेल ते त्यानं हातानं घ्यावं. आमची मंडळी पळणार आहेत, त्यामुळं पाहुण्यांच्या पुढंमागं करायला कुणी मोकळं नसेल. आधीच सांगितलेलं बरं."

थोरल्या करकोच्याची मान ताठ झाली. हे उत्तर त्याला मुळीच आवडले नाही.

मग पाटील पुढे सरसावला. धावेच्या वाटेवरचा खडा न् खडा वेचून काढू, काटा दिसू देणार नाही, पाहुणे आले की टिटव्यांकडून स्वागतगीत म्हणवून घेऊ, असे त्याने एका दमात सांगितले.

"बरं," करकोचा म्हणाला. "आणखी?"

पाटलाजवळ आणखी काही नव्हते. तो इकडेतिकडे बघू लागला. करकोच्याची नजर पुन्हा नदीपलीकडे वळली, तिथल्या दाट सावलीवर रेंगाळली. काळविटाने ते पाहिले. शर्यत आता हातची जाणार, आणि आपण पुन्हा परक्या रानात धावणार, कुणी वळूनही न बघता! त्याला राहवेना. तो एकदम पुढे झाला.

"आमच्या माळाची रीत आहे," तो म्हणाला, "पाहुणा जेवल्याशिवाय यजमान तोंडात काडी घालत नाही. एकेका पाहुण्यामागं आमच्यातला एकेक जण उभा राहील. काय हवं, काय नको, सगळं बघेल. पाहुणा आपल्या घरी निघेपर्यंत तो जागचा हलणार नाही. हा माझा शब्द!"

"शाबास!" करकोचा दुसरा पायही खाली टेकून म्हणाला. "याला म्हणतात घरंदाज माळ! शर्यत तुमच्याकडे."

माळावर एकच आरडाओरडा झाला. पाटलाने काळविटाला भर सभेत पंखाने थोपटले. गव्याने खांदे उडवले, दोन घोट पाणी प्यायला आणि नीलगाईला घेऊन परत गेला. माळावर परतताना हरिणीने नवऱ्याकडे थोडा वेळ बघितले.

"चांगलं बोललात हो," ती म्हणाली. मग ती पुढे चालू लागली.

मग तयारी सुरू झाली. शर्यतीची वाट काळविटाने स्वतः आखली. तिच्यावरचे दगड त्याने खुरांनी उडवले, काटेरी झुडपे शिंगांनी उपटली, खळगे मातीने भरले. संध्याकाळी तो इतका दमलेला असे की पळण्याचे त्राण उरत नसे. सशाने एकदा विचारलेही, "दादा, सराव कधी करायचा?" काळवीट हसून म्हणाला, "आपलाच माळ, आपलीच वाट. सराव कसला करायचा?" सशाला ते पटले, कारण त्यालाही दमायला झाले होते.

पाहुणे येऊ लागले. आणि मुलांनो, लग्नघरात तुम्ही जे जे पाहिले असेल ते ते सगळे त्या माळावर झाले. वानरांना आपल्यापेक्षा मोरांना आधी बसवल्याचा राग आला. मोरांना स्वागतगीत बेसूर वाटले. मुंगसाने पाणी गढूळ असल्याचे तोंडावर सांगितले आणि मग तेच पाणी पोटभर प्यायले. पाटील सगळीकडे मान वाकवून वाकवून हिंडत होता. त्याची ती उंच मान एवढी वाकते हे माळावर कुणाला माहीत नव्हते.

काळविटाने दिलेला शब्द पाटलाने तंतोतंत पाळायचे ठरवले होते. प्रत्येक पाहुण्यामागे त्याने एकेक जण नेमून दिला. लांडग्याच्या वाट्याला परगावचा एक गुबगुबीत ससा आला. शर्यतीच्या दिवसांत कुणी कुणाला खायचे नाही असा नियम होता आणि लांडगा तो नियम पाळत होता. पण तो त्या सशाच्या मागे इतके मन लावून उभा राही, की बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. हरिणीला करकोच्यांच्या दिमतीला ठेवले. पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले, त्यामुळे माळावरचे म्हातारेकोतारेसुद्धा कुणा ना कुणाच्या मागे उभे राहिले. काळविटाच्या वाट्याला आले डोंगरातले एक अस्वल.

अस्वल पळायला आलेले नव्हते. ते आले होते बघायला आणि खायला. स्वभावाने फार गोड होते. एका बोरीखाली ते ऐसपैस बसले आणि म्हणाले, "एवढी चार बोरं पाडाल का?" काळविटाने शिंगांनी बोर हलवली. सडा पडला. अस्वलाने तो संपवला आणि म्हणाले, "वा! आता त्या पलीकडच्या फांदीवरची." असा पहिला दिवस गेला. दुसराही गेला. काळवीट शिंगांनी बोर हलवत होता आणि मनातल्या मनात शर्यत जिंकत होता.

शेवटी शर्यतीची सकाळ उजाडली. वाटेच्या दोन्ही बाजूंनी पाहुणे बसले. टिटवीने उंच उडून हाक दिली, "पळणाऱ्यांनी यावं! पळणाऱ्यांनी यावं!"

काळविटाने अंग झाडले आणि तो निघाला. इतक्यात पाटील आडवा आला.

"कुठं निघालास?"

"पळायला, पाटील! आणखी कुठं?"

"आणि पाहुण्याजवळ कोण?" पाटलाने आवाज खाली आणला. "करकोचे बघताहेत. पाहुणा घरी निघेपर्यंत जागचा हलणार नाही, असं भर वाळूत तूच बोललास ना? आता पहिलं तूच मोडलंस तर माळाची काय शोभा राहील?"

"मग थोडा वेळ दुसऱ्या कुणाला तरी उभं करा ना!"

पाटलाने मान वर करून माळभर नजर फिरवली. काळविटानेही फिरवली. कोल्हा वानरांच्या मागे होता. लांडगा सशाच्या मागे होता. माळावरचा ससाही पळणार होता, पण तो मोरांच्या मागे उभा राहून त्यांच्या पिसाऱ्यावरची धूळ झटकत होता. प्रत्येक पाहुण्यामागे एक जण होता आणि एकही जण मोकळा नव्हता. काळविटाने जसे सांगितले होते अगदी तसेच सगळे चालले होते.

त्याने शेवटी अस्वलालाच विचारले. "मी जरा जाऊन आलो तर चालेल का?"

"जा की," अस्वल भाबडेपणाने म्हणाले. मग त्याने वर बघितले. "फक्त ती शेंड्यावरची बोरं... ती मात्र मला पाडता यायची नाहीत. असू दे, असू दे. राहीन तसाच."

थोरला करकोचा मान वळवून इकडेच बघत होता. काळविटाचे पाय जमिनीला खिळले. पुढच्याच क्षणी टिटवीने दुसरी हाक दिली आणि पळणारे सुटले.

नदीपलीकडच्या रानातले सगळेच्या सगळे पळत होते. त्यांना ना कुणाला बसवायचे होते, ना कुणाला वाढायचे होते. रात्रभर ते स्वस्थ झोपले होते. पुढे नीलगाय होती. तिची धाव जड होती, वळणावर ती जरा भरकटतही होती. पण वाट गुळगुळीत होती, तिच्यावर खडा नव्हता की काटा नव्हता. काळविटाला एकेक वळण पाठ होते. इथे आपण तिला गाठले असते, इथे मागे टाकले असते, असे तो मनात म्हणत राहिला. त्याला फार वाईट वाटले, आणि कुणावर रागवावे हेही त्याला कळेना.

नीलगाय पहिली आली. माळभर जयजयकार झाला. माळावरच्या मंडळींनीही तो केला, कारण पाहुण्याचे कौतुक यजमानानेच आधी करायचे असते.

"काय पळाली हो!" अस्वल टाळ्या वाजवत म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखे ते काळविटाकडे वळले. "पण तुमच्या माळावरचं कुणीच दिसलं नाही. तुमच्यात कुणी पळत नाही का?"

"पळतात," काळवीट म्हणाला आणि त्याने शेंड्यावरची बोरे पाडली.

पाहुणे गेले. जाताना करकोच्यांनी माळाची तोंड भरून स्तुती केली. असे आदरातिथ्य आजवर कुठे पाहिले नाही, असे थोरला करकोचा चारचारदा म्हणाला. पाटलाची मान पुन्हा उंच झाली. तुडवलेला माळ झाडून होतो न होतो तोच त्याने सभा बोलावली.

"मंडळी, आपलं नाव झालं! पुढच्या खेपेलाही शर्यत आपल्याकडंच मागून घेऊ. करकोचे नाही म्हणणार नाहीत. आपल्या काळविटानं या खेपेला काय छान शब्द दिला होता! बोल रे, या वेळी काय कबूल करायचं?"

सगळे काळविटाकडे बघू लागले.

"पाटील," तो म्हणाला, "ती गव्याकडं होऊ द्या. आपण पाहुणे म्हणून जाऊ. आपली पाडसं पळतील."

पाटील सोडून बाकीच्यांना ते मनातून पटले होते. सभा पांगल्यावर हरिणी त्याच्याजवळ आली.

"पाडसं पळतील, ते खरं," ती म्हणाली. "पण तुमची शर्यत?"

"माझी होऊन गेली," काळवीट म्हणाला. "मी तिथंच होतो. अस्वलाच्या मागं उभा."

तात्पर्य : सोहळा आपल्या दारी यावा अशी हौस जरूर धरावी, पण त्या सोहळ्यात आपल्याला काय करायचे होते हे विसरून शब्द देणारा शेवटी स्वतःच्याच सोहळ्यात नुसता उभा राहतो.