शकुनाची कांडी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, गळ्याशपथ सांगतो. ज्याने मला सांगितली तो थोडं वाढवून सांगतो आणि मी त्याच्याहून थोडं अधिक. तेवढं सोडलं तर सगळी खरी.

एके काळी एक वृद्ध आचार्य रसायनांची प्रयोगशाळा चालवीत असत. त्यांच्या एका शिष्येने मोठीच करामत केली. औषधाच्या रेणूचे दोन तुकडे जोडायला पॅलेडियम नावाचा महाग धातू लागतो. तो जोडणी करून देतो आणि स्वतः झिजत नाही. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. पुढे औषधातून त्याचा कण न् कण काढताना कारखानदार मेटाकुटीला येतात. शिष्येच्या चंबूत मात्र हे तुकडे धातूवाचूनच जुळत. वार्ता ऐकून औषधांचा एक व्यापारी ती कृती घ्यायला निघाला. कृती खरी ठरली तर शिष्येचं नाव होणार होतं. खोटी ठरली तर तिच्या शब्दाला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

तो यायच्या आदल्या दिवशी आचार्यांनी एक विचित्र गोष्ट केली. शिष्येच्या चंबूतली ढवळण्याची, पांढऱ्या वेष्टनातली चुंबकाची बोटभर कांडी उचलून खिशात टाकली आणि तिच्या जागी कोरी ठेवली. म्हणाले, आता कर.

शिष्या चपापली. ती कांडी शकुनाची होती. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याने आपली कांडी धाकट्याला द्यायची, ही तिथली रीतच. तिने प्रयोग मांडला. संध्याकाळ झाली, तुकडे वेगळे ते वेगळेच. तिच्या मनात नाही नाही ते आलं. म्हाताऱ्याला आपलं नाव झालेलं बघवत नाही, की व्यापाऱ्याशी याचं आधीच काही ठरलंय?

"सर, तुम्ही यात काहीतरी मिसळलंत."

"मिसळलं नाही, काढून घेतलं." आचार्यांनी जुनी कांडी तिच्यापुढे धरली. पांढऱ्या वेष्टनाच्या टोकाला काजळाचं बोट लागावं तसा डाग होता. "ज्याने ही तुला दिली, तो इथे काय वापरायचा?"

"पॅलेडियम," ती हळूच म्हणाली. "पण मी घासून धुतली होती, सर. डाग तेवढा राहिला."

"तो डागच तुझा कामकरी. अगं, जे संपतं त्याची आपण चौकशी करतो. याचं काहीच संपत नाही, म्हणून याच्याकडे कुणी बघत नाही. मीसुद्धा तुझ्या सगळ्या बाटल्यांवर संशय घेतला, हिच्यावर शेवटी. उद्या शेठने धातू नाहीच असं समजून तो शोधला नसता, आणि लोकांनी गोळीबरोबर गिळला असता."

 शिष्या नवी कांडी उजेडात धरून म्हणाली, "आणि ही कोरी कशावरून?"

आचार्य प्रसन्न हसले.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला तिने स्वतःच तो डाग दाखवला. त्याने चहा संपवला आणि विचारलं, ही कांडी विकत मिळेल का?

आता कबुली. आचार्य हसले, हे मी रचलं. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी आपला खण उघडला, त्यांच्या गुरूने दिलेली, आयुष्यभर वापरलेली कांडी बाहेर काढली आणि मुकाट्याने उजेडात धरली.