साळुंकीबाई सांगतात

फार पूर्वी एका राईत साप दिसला की पाखरं झाडावरून झाडावर हाक पोचवत. साप आधी दिसे साळुंकीला, पण तिचं नाव कुणी घेत नसे. तिला ते लागलं. तिने बजावलं, "माझी हाक खुशाल पुढे द्या, पण आधी म्हणायचं, 'तीक्ष्ण नजरेच्या साळुंकीबाई सांगतात.'"

एके दिवशी ओढ्यावरून तिला दिसलं, धामण तिच्याच ढोलीकडे चढतेय. आत पिल्लं होती. उडून पोचेपर्यंत उशीर झाला असता. ढोलीपलीकडच्या झाडावर, तिची हाक थेट पोचणार नाही इतक्या लांब, कोतवाल पक्षी होता, धामणीला हुसकावणारा तो एकटाच. साळुंकी ओरडली, "साप!"

जवळच्या झाडावरचा होला सावकाश म्हणाला, "तीक्ष्ण नजरेच्या साळुंकीबाई सांगतात..."

धामण ढोलीशी आली.

"अरे, माझं नाव सोडा!" ती किंचाळली.

बुलबुल म्हणाला, "तीक्ष्ण नजरेच्या साळुंकीबाई सांगतात, माझं नाव सोडा..."

जिला एवढं लांबलचक कधीच पाठ झालं नव्हतं, ती चिमणी मधेच ओरडली, "साप!" कोतवाल झेपावला. धामण खाली पडली.

संध्याकाळी पारव्याने विचारलं, "आज हाक कुणी दिली?"

पिल्लांना पंखाखाली घेत साळुंकी म्हणाली, "कोतवालापर्यंत पोचली ना? मग झालं."